नव्वद दिवसांची उधारी आणि कायद्याचे पंचेचाळीस दिवस

नव्वद दिवसांची उधारी ही आपल्या पेढ्यांवर सवलत नव्हे, रीतच मानली जाते. सन २०२३ च्या वित्त अधिनियमाने या रीतीला कराची किंमत लावली. आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये (एच) हा खंड जोडला गेला आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या हिशेबापासून तो लागू झाला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी हे बंधन कायम आहे.

मुदतीचा मूळ नियम मात्र २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातला. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराची रक्कम लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असल्यास ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. पण ती मुदत ४५ दिवसांहून अधिक ठरवता येत नाही. बिलावर ‘९० दिवस’ छापून घेतले तरी कायदा ४५ च मोजतो. दिवस मोजायचे ते माल ताब्यात आल्यापासून. मालाविषयी १५ दिवसांच्या आत लेखी तक्रार केली असेल, तर ती निवारल्यापासून. फोनवरची तक्रार येथे उपयोगाची नाही.

समजा, १० फेब्रुवारीला एका लघु उत्पादकाकडून ४ लाख रुपयांची भांडी आली आणि लेखी करार नाही. मुदत २५ फेब्रुवारीला संपली. रक्कम २० मार्चला दिली, तर उशीर होऊनही खर्च त्याच वर्षी मान्य होतो. १० एप्रिलला दिली, तर ते ४ लाख उत्पन्नात मिळवले जातात. भागीदारी पेढीस ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर धरून १,२४,८०० रुपये जादा भरावे लागतात. वजावट पुढील वर्षी मिळते खरी, पण तोवर भांडवल अडकते. याउलट २० मार्चला आलेल्या मालाचे पैसे ३ एप्रिलला दिले तर काही अडचण नाही. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत पैसे भरण्याची सवलत या देण्यांना नाही. विलंबाचे व्याज बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने. आणि ते खर्च म्हणून कधीच मान्य होत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंतचा उद्योग ‘लघु’ ठरतो. पूर्वी उलाढालीची मर्यादा ५० कोटी होती. म्हणजे आपले आणखी कितीतरी पुरवठादार या कक्षेत आले. सेवाही यात येतात. आपल्या करसल्लागारांची नोंदणी आहे का, हेही विचारून पाहावे. त्यांचे मार्चचे बिल कदाचित याच नियमात बसेल!

२०२४ च्या आरंभी सुरतेच्या कापडबाजारात या कलमाविरुद्ध बरीच ओरड झाली. बँकेत कॅश क्रेडिट खाती पाहण्यात माझी अनेक वर्षे गेली. छोट्या कारखानदाराची येणी ९० दिवसांपुढे गेली, की बँक सहसा ती उचलीच्या हिशेबात धरत नाही. गिऱ्हाईक थांबवते तेव्हाच बँकही हात आखडता घेते. कामगारांचा पगार आणि वीजबिल मात्र थांबत नाही. पुढची ऑर्डर हवी असल्याने तो दादही मागत नाही. त्यामुळे या कलमाला सरसकट अन्याय म्हणणे मला पटत नाही आणि पुरवठादारास नोंदणी रद्द करायला सांगणे तर मुळीच नाही.

तक्रारीची खरी जागा वेगळी आहे. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जासाठी. उत्पादकाला वेळेवर द्यायचे, पण स्वतःच्या वसुलीला मुदतीचे संरक्षण नाही, अशी व्यापाऱ्याची स्थिती आहे. संघटनांनी मागणी लावून धरावी ती यासाठी.

तूर्त प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागवावी. उत्पादन, सेवा की व्यापार हे त्यावर नमूद असते. ४५ दिवस हवे असतील तर तसा लेखी करार माल येण्यापूर्वीच करावा. अशांची खाती वेगळ्या गटात ठेवून माल पोहोचल्याची तारीख बिलाच्या तारखेशेजारी नोंदवावी. ही यादी फेब्रुवारीतच काढली, तर मार्चअखेर पैशांची तजवीज करायला अवधी मिळतो.