नवगाव : आडनावांतून जगभर पोचलेलं गाव

अलिबागच्या उत्तरेला, थळ-किहीमच्या पट्ट्यात नवगाव लागतं. माडांच्या वाड्या, भातखाचरं, आणि समुद्राजवळ एक जुनी दफनभूमी. कोकणातल्या यहुद्यांचा बेने इस्रायली समाज आपला इथला मूळ ठाव तो हाच मानतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, असं परंपरा सांगते. वाहून आलेली प्रेतं त्यांनी पुरली : पुरुषांची एका ढिगाऱ्याखाली, बायकांची दुसऱ्या. आज तिथे स्मारक आहे. लेखी पुरावा नसताना इतक्या पिढ्या ही जागा आठवणीत राहिली, हेच मला मोठं वाटतं.

धर्मग्रंथ पाण्यात गेले. उरली 'शेमा'ची प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नेम आणि शनिवारचा विसावा. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावं त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागली. पुढे डेव्हिड रहाबी नावाचे बाहेरचे यहुदी आले. त्यांनी बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. खवले आणि पर नसलेले, म्हणजे यहुदी नेमाला वर्ज्य असलेले मासे बायकांनी बाजूला काढले, आणि रहाबींना हे आपलेच लोक असल्याची खूण पटली. ही कथाही परंपरेतलीच. पण कोकणातल्या यहुद्यांची ओळख मासळीवरून पटावी, यात मला फार गोडी वाटते.

इंग्रजी अमलात पलटणीतल्या आणि गोदीतल्या नोकऱ्यांनी हा समाज मुंबईला नेला. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६मध्ये तिथे पहिलं सिनेगॉग बांधलं. मागे कोकणातही रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथे प्रार्थनामंदिरं उभी राहिली. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे लग्नासाठी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. दोन हजार वर्षं शनिवार पाळणाऱ्यांना हे किती लागलं असेल! त्यांनी आंदोलनं केली, आणि १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानलं.

नवगावकर, किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर : कोकणातल्या शंभराहून अधिक गावांची नावं या समाजाने आडनावांत जपली. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. संदेष्टा एलियाहू हनाबीच्या नावाने पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळांचा मलिदा तिथेही होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्या संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखवतात, आणि इस्रायलहून आलेली कुटुंबं नवगावबरोबर तिथेही जातात.