ब्लॉक हलका, पण विसाव्या मजल्यावर जबाबदारी जड

टॉवरच्या भिंतींत लाल विटेऐवजी राखाडी एएसी ब्लॉक का? कारण वजन. वीटकाम घनमीटरला १,९०० किलोंच्या आसपास, हा ब्लॉक साधारण ६००. तेवढा भार सांगाड्यावरून उतरतो.

पण हलका म्हणजे बिनधोक नव्हे. ६०० बाय २०० बाय १५० मिमीचा एक ब्लॉक जवळपास ११ किलोंचा. विसाव्या मजल्यावरून निसटला तर खालच्याचे हेल्मेट काय करणार? म्हणून परांचीच्या कडेला आडवी फळी, खाली जाळी आणि गवंड्याला हार्नेस हवाच. परांचीवर ब्लॉकची थप्पी नको.

ब्लॉकचा दर्जा ‘आयएस २१८५, भाग ३’नुसार तपासतात. खरी गफलत मात्र बीमखाली होते. घाईत भिंत बीमला घट्ट भिडवली, की बीम वाकताच तडे जातात. थोडी फट ठेवून ती शेवटी भरायची असते. फ्लॅट घेताना तिथे नजर टाका.