खिशातले गाणे : भाड्याचे की मालकीचे?

हातातल्या फोनवर हवे ते गाणे क्षणात ऐकू येत असताना केवळ गाण्यांसाठी वेगळे यंत्र कशाला घ्यावे, हा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्तच आहे. त्याला नेहमीची उत्तरे तयार असतात. अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो आणि प्लेअर जवळ राहतो. प्लेअरवर कोणाचा निरोप येत नाही. गोव्याला जाताना चोर्ला घाटात फोनची रेंज गेली तरी प्लेअर गातच राहतो. ही उत्तरे खरी आहेत, पण माझ्या मते मुख्य कारण निराळेच आहे. फोनवरची बहुतेक गाणी आपण भाड्याने ऐकतो, प्लेअरमध्ये घातलेली फाईल मात्र आपली असते. हा फरक समजला की कोणता प्लेअर घ्यावा आणि त्याचे काय करावे हे आपोआप कळू लागते.

आधी थोडा इतिहास पाहू. खिशात गाणे घेऊन हिंडण्याची सवय लावली ती सोनीच्या वॉकमनने, १९७९ साली. तो कॅसेटचा होता. कॅसेट नको, फिरणारा भाग नको, नुसती स्मृतिचिप असलेले यंत्र १९९८ मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीने एमपीमॅन या नावाने काढले. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ आला. त्यात ३२ एमबी जागा होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे गाणे. आपल्याकडचा एक मोठा ख्याल घातला की यंत्र भरले! तरीही ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने रिओविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला तो डायमंडच्या बाजूने. आपल्याजवळ असलेले गाणे दुसरीकडे ऐकता यावे म्हणून यंत्रात उतरवून घेणे हा खासगी वापरच आहे, असे त्या निकालाचे सार. पुढे २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि एकवीस वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याचे उत्पादन बंद झाले. प्लेअर मात्र संपलेले नाहीत. सोनी आजही वॉकमन याच नावाने डिजिटल प्लेअर विकते, चीनची फिओसारखी कंपनी त्यातच नाव कमावून आहे आणि साधे स्वस्त प्लेअरही बाजारात मिळतात.

आता यंत्राच्या पोटात काय असते ते पाहू. आवाज म्हणजे हवेतील कंप. डिजिटल पद्धतीत या कंपाची उंची ठरावीक वेळाने मोजून तिचे आकडे लिहून ठेवतात. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते. हा आकडा उगाच आलेला नाही. माणसाचा तरुण कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपांपर्यंतचा आवाज ऐकतो, आणि एखादा कंप आकड्यांत नीट पकडायचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. प्रत्येक मोजमापाला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी. डावा आणि उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. आठाने भागून बाइट करा, साठाने गुणा : मिनिटाला सुमारे १०.६ एमबी. अर्ध्या तासाच्या ख्यालाला साधारण ३१८ एमबी लागतात.

एवढी जागा पूर्वी परवडत नसे, म्हणून एमपी३ आले. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर बरीच वर्षे काम केले. त्यामागचे तत्त्व आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. देवळात नगारा वाजू लागला की शेजारच्या माणसाच्या हातातील चिपळ्या वाजत असूनही ऐकू येत नाहीत. मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. मग कानाला जे कळणारच नाही ते साठवायचे कशाला? एमपी३ अशी झाकलेली माहिती टाकून देते. १२८ किलोबिटला तोच अर्ध्या तासाचा ख्याल सुमारे २९ एमबीत बसतो, ३२० किलोबिटला ७२ एमबीत. गंमत अशी की ब्रांडेनबुर्ग यांना सर्वांत छळले ते मोठ्या वाद्यवृंदाने नव्हे. सुझान व्हेगा या गायिकेच्या ‘टॉम्स डायनर’ या गाण्यातला, साथीशिवायचा एकटा आवाज त्यांना कठीण गेला. झाकायला दुसरे काही नसले की चूक उघडी पडते.

आपल्या संगीतालाही हे लागू आहे. फार दाबलेल्या फाईलमध्ये तंबोऱ्याच्या जवारीचे वरचे स्वर पाण्याखालून आल्यासारखे वाटतात आणि तबल्याच्या ‘ना’ची धार बोथट होते. सिनेमातील भरगच्च गाण्यात हे लपून जाते, ख्यालात लपत नाही. म्हणून नाट्यसंगीत, ख्याल, भजन यांसाठी निदान २५६ किंवा ३२० किलोबिट धरावे. जागा असेल तर फ्लॅक हा प्रकार घ्यावा. त्यात काहीच टाकून दिले जात नाही, आकडे फक्त अधिक दाटीने लिहिले जातात आणि सीडीच्या साधारण निम्म्या-पाऊणपट जागेत काम भागते. ६४ किलोबिटची फाईल पुन्हा ३२० ची करून काही सुधारत नाही, हेही लक्षात ठेवावे. झेरॉक्सची झेरॉक्स मोठ्या कागदावर काढली म्हणून गेलेले अक्षर परत येत नाही.

जाहिरातीतील ‘इतकी हजार गाणी मावतात’ या वाक्याकडे आम्हा वाणिज्यवाल्यांनी जरा संशयानेच पाहावे. पहिल्या आयपॉडच्या ५ जीबीत १,००० गाणी, हा हिशेब १६० किलोबिट आणि सुमारे चार मिनिटांचे गाणे धरून होता. ख्याल धरला तर आकडा कोसळतो. शिवाय १६ जीबीचे कार्ड संगणकाला लावले की १४.९ दिसते. यात फसवणूक नाही. बनवणारा हजारा-हजाराने मोजतो, संगणक १,०२४ ने. खरी फसवणूक वेगळी असते. आमच्या एका मित्राने रस्त्यावरून १२८ जीबीचे कार्ड अगदी मातीमोल किमतीत आणले. संगणकाला ते १२८ च दिसे, पण आठ जीबीनंतर घातलेली गाणी वाजेनात. आत लहान चिप आणि वर खोटा आकडा. नवे कार्ड आणले की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने ते काठोकाठ भरून तपासावे. वेळ खातो, पण सत्य सांगतो. साधे प्लेअर पुष्कळदा ३२ जीबीपर्यंतचेच कार्ड घेतात, तेही दुकानात विचारून ठेवावे.

आता भाडे आणि मालकी. दरमहा पैसे भरून ॲपवर गाणी ऐकणे हा महसुली खर्च, फाईल किंवा सीडी विकत घेणे हा भांडवली खर्च. महिन्याला १०० रुपये धरले तर पाच वर्षांत ६,००० रुपये जातात आणि सहाव्या वर्षी पैसे थांबवले की ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला शून्य उरते. ‘डाऊनलोड’ केलेली गाणी तरी राहतील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ती फाईल ॲपच्या कुलपात असते. साध्या प्लेअरमध्ये ती उतरत नाही आणि वर्गणी संपली की उघडत नाही. बरे, आपण पैसे भरत राहिलो तरी दुकान टिकेल याची खात्री नाही. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले. २०२४ च्या जानेवारीत रेसोने भारतातील सेवा थांबवली आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक बंद करण्याचे जाहीर केले. निगुतीने लावलेल्या याद्या अशा वेळी नव्या ठिकाणी हलवाव्या लागतात किंवा सोडून द्याव्या लागतात.

भाडे वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. महिनाभर गुणगुणून विसरायच्या गाण्याला भाडेच परवडते. दहा वर्षांनीही ऐकू अशी खात्री असलेले संगीत आपल्या नावावर असावे, एवढेच. त्यासाठी जुन्या सीडी संगणकावर उतरवून घेता येतात. आयट्यून्स स्टोअरवर २००९ पासून गाणी कुलपाशिवाय मिळतात, पण ती एएसी प्रकारची असतात, तेव्हा प्लेअर तो प्रकार वाजवतो ना हे पाहावे. बँडकँपवर कलाकाराकडूनच फ्लॅक फाईल घेता येते.

दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. एका कार्डावर आपल्याच चार फाईली न्याव्यात. एकीचे नाव देवनागरीत, एकीचे कन्नडमध्ये. आपल्या भागात ही कसोटी सर्वांत महत्त्वाची. भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि कन्नड दासपदे एकाच घरात ऐकली जातात आणि स्वस्त प्लेअरवर दोन्हींच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. फाईलच्या आतली नावे आयडी३ च्या २.३ आवृत्तीत जतन केली तर काही वेळा हा दोष जातो. प्लेअरमध्ये लिपीच नसेल तर रोमन अक्षरांत नावे लिहिण्याला इलाज नाही. तिसरी आणि चौथी फाईल एकाच रागाच्या विलंबित आणि द्रुत भागांची असावी. एक संपून दुसरी सुरू होताना मध्ये खंड पडतो का ते ऐकावे. भर रंगात अर्ध्या सेकंदाची शांतता फार टोचते. खरी बटणे असलेला प्लेअर मला अधिक आवडतो, कारण बसमध्ये उभ्याने, खिशात हात घालून, न बघता गाणे बदलता येते. स्वस्त यंत्रांत गाणी नावाच्या क्रमाने न लागता कार्डावर घातल्या क्रमाने लागतात, म्हणून नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालून त्याच क्रमाने एकेक उतरवावीत.

यंत्रावर थोडे कमी आणि इयरफोनवर थोडे जास्त खर्चावे. कानात घट्ट बसणारा इयरफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे आवाज कमी ठेवता येतो. ही चैनीची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे ठीक, पण दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि ९० डेसिबलला अवघी ४ तास उरते. धारवाडच्या बसमध्ये इंजिनावर मात करण्यासाठी आवाज वाढवणाऱ्याची आठवड्याची मुदत दोन-तीन फेऱ्यांतच संपू शकते. बिनतारी इयरफोनमध्ये फाईल वाटेत पुन्हा एकदा दाबली जाते, म्हणून फ्लॅक ऐकायचे तर तारेचाच बरा.

शेवटी, कोणत्याच ॲपवर न मिळणाऱ्या संगीताविषयी. आमच्या घरी १९८६ साली काकांनी टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मराठी ओवीत मध्येच कन्नड शब्द येतात आणि मागे जात्याची घरघर. अशी एखादी कॅसेट, कोणाच्या कीर्तनाची, कोणाच्या गावच्या भजनी मंडळाची, सीमाभागातल्या पुष्कळ घरांत पडून असेल. फीत दर पावसाळ्यात खराब होते, तेव्हा हे काम पुढल्या सुट्टीवर ढकलू नये. कॅसेटच्या कडेवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे प्रथम मोडावेत, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडेच न्यावी. एरवी एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी, टेपचे हेड अल्कोहोलने पुसावे आणि इयरफोनच्या भोकातून तार संगणकाच्या ‘लाइन इन’ला जोडावी. बऱ्याच लॅपटॉपना ते नसते, त्यांना यूएसबीचे छोटे साउंड कार्ड लागते. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. पट्टी लाल रेषेला लागू देऊ नये, कारण डिजिटलमध्ये फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. पहिली प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि तिच्यावरून प्लेअरसाठी एमपी३ काढावी. विकत घेतलेल्या कॅसेटची अशी प्रत स्वतः ऐकण्यापुरतीच ठेवावी, वाटण्या-विकण्यासाठी नव्हे.

फाईलच्या नावात गाणाऱ्याचे नाव, गाव, साल आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव लिहावे. सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच ही माहिती मिळते. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असावी. मूळ कॅसेट मात्र टाकू नये. उद्या चांगला टेप मिळाला तर तिच्यातून याहून स्वच्छ आवाज काढता येईल.