दोन तालमी

'तालीम' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हाच शब्द मराठीत आला आणि त्याने आपला अर्थ बदलला. मराठीत पहिलवान तालमीत जातो आणि जोर-बैठका काढतो. नाटकातले कलावंत प्रयोगाच्या आधी महिनाभर तालीम करतात. म्हणजे उर्दूतली तालीम वर्गात चालते आणि मराठीतली तालीम वर्ग सुटल्यावर सुरू होते! आहे की नाही गंमत?

आज आपण या दोन्ही तालमी एकाच दिवसात बसवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी वाचणार आहोत. हे विद्यार्थी म्हणजे अभियांत्रिकी शिकणारी मुले-मुली. काही वर्षांनी तुमच्यापैकीही काही जण त्यांच्यात असतील.

तुम्ही येलदरीचे धरण पाहिले असेल. आपल्या जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर ते बांधलेले आहे. १९६८ साली ते पूर्ण झाले. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. सहलीहून परतताना एसटीत कोणीतरी हमखास म्हणतो, "मीपण इंजिनिअर होणार!" म्हणणे सोपे आहे. त्यासाठी दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घ्यावी लागते, किंवा बारावी विज्ञान करून सीईटी द्यावी लागते. मग गाव सोडावे लागते. जिंतूरला रेल्वे नाही. एसटीने परभणी गाठायची आणि तिथून रेल्वेने पुढे जायचे. नांदेडला १९८१ साली सुरू झालेली श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, १९६० सालापासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

वसतिगृहात पहिल्या रात्री एक गोष्ट लक्षात येते. "अभ्यास कर" म्हणणारे येथे कोणी नाही आणि "आता झोप" म्हणणारेही कोणी नाही. काही मुले या मोकळिकीत वाहून जातात. काही मुले घाबरून खेळ, गप्पा, फिरणे सगळेच बंद करतात आणि रात्रंदिवस पुस्तकापुढे बसतात. नवलाची गोष्ट अशी, की या दुसऱ्या प्रकारची मुलेही कधी कधी नापास होतात. असे का होते? त्यासाठी थोडे गणित करू. वही काढा.

एका आठवड्यात २४ गुणिले ७, म्हणजे १६८ तास असतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली अभियांत्रिकीचा एक नमुना अभ्यासक्रम दिला. त्यात चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक आहेत. चार वर्षांची आठ सत्रे होतात, म्हणजे एका सत्राला सरासरी २० श्रेयांक. आठवड्यातून एक तास व्याख्यान असले तर एक श्रेयांक मिळतो. प्रयोगशाळेत मात्र एका श्रेयांकासाठी दोन तास काम करावे लागते. समजा, एका सत्रात व्याख्यानांचे १४ आणि प्रयोगांचे ६ श्रेयांक आहेत. मग आठवड्याला व्याख्यानांचे १४ तास आणि प्रयोगांचे १२ तास, असे २६ तास झाले.

रोज आठ तास झोप धरू. आठवड्याचे ५६ तास. अंघोळ, जेवण, कपडे धुणे, येणे-जाणे यांना रोज तीन तास देऊ, म्हणजे २१. आतापर्यंत १०३ तास झाले. उरले ६५. प्रत्येक व्याख्यानामागे एक तास वाचन धरले तर १४ तास गेले. प्रयोगवही लिहिणे आणि आराखडे काढणे यांना दहा तास देऊ. तरीही ४१ तास उरतात!

रोजचे जवळजवळ सहा तास शिल्लक. मग अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, तो "मला वेळच मिळत नाही" असेच का सांगतो? तो खोटे बोलत नाही. पहिली गोष्ट म्हणजे अनेक महाविद्यालयांत वेळापत्रक आपल्या हिशेबापेक्षा जास्त भरलेले असते. पण खरे कारण वेगळे आहे. हे ४१ तास सलग मिळत नाहीत. दोन तासिकांच्या मध्ये वीस मिनिटे, खानावळीच्या रांगेत पंधरा मिनिटे, असे त्यांचे तुकडे पडलेले असतात. हे तुकडे मोबाइल कधी गिळून टाकतो, ते कळतसुद्धा नाही. त्यातून ना अभ्यास होतो, ना विश्रांती मिळते.

आणखी एक अडचण आहे. ती समजण्यासाठी पुन्हा येलदरीला जाऊ. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो, पण पिकाला आणि माणसाला पाणी बाराही महिने लागते. म्हणून चार महिन्यांचे पाणी अडवून ठेवतात. सत्राचेही असेच असते. पहिल्या दोन महिन्यांत काम थोडे असते आणि मोकळा वेळ भरपूर असतो. शेवटच्या महिन्यात सगळे एकदम येते. प्रयोगवह्या तपासून घेणे, आराखडे सादर करणे, तोंडी परीक्षा, लेखी परीक्षा! याला मुले 'सबमिशन' म्हणतात. सुरुवातीच्या दिवसांत ज्याने रोज थोडे काम उरकले, त्याला शेवटच्या महिन्यातही संध्याकाळी तासभर मैदानावर जाता येते. ज्याने उरकले नाही, तो शेवटी झोपेचे तास मोडतो. पण झोपेचे काही धरण बांधता येत नाही. रविवारी बारा तास झोपून पुढच्या आठवड्याची झोप साठवता येत नाही.

आराखड्यांची एक गोष्ट सांगतो. मोठ्या कागदावर यंत्राच्या एखाद्या भागाचा आराखडा काढायला सहज तीन-चार तास लागतात. वेळ संपत आला की काही मुले एक युक्ती करतात. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राचा आराखडा ठेवायचा, त्यावर आपला कोरा कागद ठेवायचा आणि दिसेल ती रेघ गिरवायची. ही युक्ती अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तासाभरात काम होते. मात्र तोंडी परीक्षेत परीक्षक एखाद्या रेघेवर बोट ठेवून विचारतात, "ही तुटक रेघ का काढली?" झाकलेली कडा तुटक रेघेने दाखवतात, हे ज्याने स्वतः काढले त्यालाच माहीत असते. वाचवलेले तीन तास तेथे फार महाग पडतात. विषय राहिला तर तो पुढच्या सत्रात पुन्हा द्यावा लागतो. नव्या विषयांच्या ओझ्यावर जुन्या विषयाचे ओझे येते आणि मग मोकळा वेळ खरोखरच उरत नाही.

रात्रंदिवस वाचणाऱ्या मुलांचे काय चुकते? हेरमान एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरगट पाठ करी आणि किती वेळाने किती विसरतो, हे मोजून ठेवी. पाठ केल्यावर पहिल्या काही तासांतच आपण बरेच विसरतो, असे त्याला दिसले. एकाच बैठकीत पुष्कळदा घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विभागून केली, तर कमी कष्टात लक्षात राहते, हेही त्याला आढळले. मध्ये जी फुरसत जाते, ती वाया जात नाही. त्यातही झोप फार महत्त्वाची आहे. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम झोपेत चालते. पहाटे चारपर्यंत जागून नऊच्या व्याख्यानाला डुलक्या घेणारा मुलगा दोन्हीकडून नुकसान करून घेतो.

आता दुसऱ्या तालमीकडे वळू. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली सुरू झाले. आता ते तंत्रज्ञान विद्यापीठ झाले आहे. मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमाजवळ त्याचा बोट क्लब आहे. १९२८ साली स्थापन झालेला हा क्लब विद्यार्थीच चालवतात. दरवर्षी 'रेगाटा' नावाचा नौकांचा मोठा कार्यक्रम होतो. अंधार पडल्यावर मुले-मुली मशाली घेऊन नावा हाकतात आणि पाण्यावर उजेडाच्या आकृती तयार होतात. एकाची नाव हातभर पुढे गेली तरी आकृती मोडते. त्यासाठी कित्येक आठवडे सराव करावा लागतो आणि तोही व्याख्याने सांभाळून. सराव ठरल्या वेळी असतो, म्हणून अभ्यासही त्याच्या आधी उरकावा लागतो. ज्याची संध्याकाळ कशाने तरी बांधलेली असते, त्याची दुपार वाया जात नाही, असे मला वाटते. अर्थात सगळ्यांना नदी मिळत नाही. व्हॉलीबॉलचे जाळेही पुरते!

याच महाविद्यालयात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकले आणि १८८३ साली शेवटच्या परीक्षेत पहिले आले. १९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहराची फार हानी केली. तेव्हा निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांनाच बोलावले. त्या काळी आपले जिंतूर निजामाच्याच राज्यात होते. विश्वेश्वरय्या वेळेच्या शिस्तीसाठी प्रसिद्ध होते. त्यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.

तुमच्या मनात एक शंका आली असेल. आपण उर्दू माध्यमातले, पुढचे शिक्षण इंग्रजीत. मग आपल्याला फुरसत कुठली? ही शंका खरी आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात एके काळी अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवत असत. ते अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ साली सुरू झाले होते. आज तेथे तशी सोय नाही. पहिल्या सत्रात तुम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळ लागेल. आपल्या गणितातल्या ४१ तासांतले दहा-बारा तास नवे शब्द समजून घेण्यात जातील. मराठी माध्यमाच्या मुलांचेही तसेच होते. त्यांच्याबरोबर बसून शिकलात तर तुमचे मराठी सुधारेल आणि दोघांचेही इंग्रजी सुधारेल. गणिताची सूत्रे तर तीच राहतात.

शिवाय प्रत्येकाचा मोकळा वेळ सारखा नसतो. आपल्या भागातल्या मुलांना कापूस वेचणीला घरी यावे लागते. वेचणीचे आणि परीक्षेचे दिवस पुष्कळदा एकच येतात. कोणाला सुट्टीत वडिलांच्या दुकानावर बसावे लागते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून काही वर्षी रोजे आणि परीक्षा एकत्र येतात. सहरीला उठायचे तर रात्रीचे जागरण बंद करावे लागते आणि अवघड विषय पहाटे घ्यावा लागतो. या गोष्टी अचानक येत नाहीत. त्यांच्या तारखा सत्र सुरू होतानाच दिनदर्शिकेत दिसतात. त्यांवर तेव्हाच खूण करून ठेवता येते.

आता एक काम करा. चौकटीच्या वहीचे एक पान घ्या. उभ्या सात आणि आडव्या चोवीस ओळी आखा. १६८ घरे होतील. शाळा, झोप, नमाज, जेवण, घरकाम, शिकवणी, खेळ अशी नावे देऊन, गेल्या आठवड्यात जसा वेळ गेला तशीच घरे भरा. खोटे लिहू नका, हे पान कोणी तपासणार नाही. ज्या घरात काय लिहावे ते आठवत नाही, ते कोरे ठेवा. मग कोरी घरे मोजा आणि तो आकडा पानाच्या कोपऱ्यात लिहा. पुढच्या आठवड्यात दुसरे पान आखा.