नवी गाडी दारात आणण्याआधी घरातला हिशोब



दिवाळीनंतरची गोष्ट. किन्हवलीच्या बाजूच्या एका गावात गटाची बैठक संपली, वही बंद झाली, सगळ्या उठल्या. एक ताई मात्र बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, पोरानं गाडी बघून ठेवलीय. ती नवीन आलीय ना, उंच, जीपसारखी दिसते पण छोटी. शोरूमवाला म्हणतो महिन्याला आठ हजार फक्त. गटातून दीड लाख मिळतील का?"

मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आम्ही दोघींनी तिथेच एक कोरा कागद घेतला. त्या कागदावर जे निघालं ते तुम्हा सगळ्यांना सांगावं असं वाटलं, कारण गेल्या वर्षभरात शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे हाच प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारला आहे. त्या ताईंची परवानगी घेऊनच लिहिते आहे. नाव, गाव लिहीत नाही.

ही गाडी म्हणजे नेमकं काय?

हिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. दिसायला उंच आणि दणकट, पण लांबी चार मीटरच्या आत. चार मीटरच का, तर त्यामागे कर आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि 'छोटी' कोणती ते लांबी आणि इंजिनावरून ठरलं. तेव्हापासून कंपन्या त्या मापात बसणाऱ्या गाड्या काढू लागल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून या मापातल्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. आधी सेस धरून तो 29 ते 31 टक्के होता. म्हणून किमती खरोखर उतरल्या आणि घराघरात विषय निघाला.

यातल्या कित्येक गाड्या आपल्याच राज्यात बनतात. कसारा घाट चढून गेलं की नाशिक, तिथे महिंद्राची एक्सयूव्ही थ्री एक्स ओ बनते. ती 29 एप्रिल 2024 ला आली तेव्हा 'साडेसात लाखांपासून' अशी जाहिरात होती आणि बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासाभरात 50 हजार लोकांनी नोंदणी केली. चाकणची स्कोडा कायलॅक 2024 च्या नोव्हेंबरात जाहीर झाली, 7 लाख 89 हजारांपासून. तळेगावची नवी ह्युंदाई व्हेन्यू 2025 च्या नोव्हेंबरात आली, 7 लाख 90 हजारांपासून.

तायांनो, यातला 'पासून' हा शब्द नीट वाचा. ती सगळ्यात साध्या मॉडेलची, शोरूममधली किंमत असते. नव्या गाडीची सुरुवातीची किंमत बऱ्याचदा थोडे दिवसच असते. आणि पोरांच्या मोबाईलमध्ये जो फोटो असतो तो सगळ्यात वरच्या मॉडेलचा असतो.

शोरूमची किंमत आणि रस्त्यावरची किंमत

आता तो कागद. गाडीची शोरूम किंमत 8 लाख धरली.

शोरूम किंमत: 8,00,000
रोड टॅक्स (10 लाखांच्या आतली पेट्रोल गाडी, 11 टक्के): 88,000
विमा, नोंदणी, फास्टॅग, मॅट, कव्हर वगैरे (आम्ही अंदाजे धरलं): 62,000
एकूण: 9,50,000

म्हणजे दीड लाख तिथेच वाढले. ताईंच्या घरी समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीच्या पैशातले 3 लाख ठेवीत उरले होते. ते घालायचे, दीड लाख गटातून घ्यायचे आणि 5 लाख बँकेचं कर्ज, असा पोराचा बेत होता.

5 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, 7 वर्षं. हप्ता येतो साधारण 8,170. शोरूमवाला खोटं बोलत नव्हता. पण त्याने फक्त त्याचा हप्ता सांगितला होता. पुढचं आम्ही लिहिलं:

बँकेचा हप्ता: 8,170
गटाचा हप्ता (दीड लाख, महिना एक टक्का, 24 हप्ते): 7,060
पेट्रोल (रोज सरासरी 20 किलोमीटर): 4,200
सर्व्हिसिंग, दरवर्षीचा विमा, टायर यासाठी बाजूला: 2,500
महिन्याला एकूण: 21,930

घरात येणारे पैसे किती? पोराचा एमआयडीसीतला पगार, दूध आणि भेंडी मिळून सरासरी 20 हजार. ताई बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही गाडीत बसून उपाशी राहायचं."

दोन वर्षांनी गटाचा हप्ता संपेल हे खरं. पण तोवर काय, आणि त्यानंतरही पाच वर्षं महिन्याला जवळजवळ 15 हजार जातच राहतील.

व्याजात फसू नका

कर्ज घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, व्याज 'फ्लॅट' आहे की 'रिड्युसिंग'? रिड्युसिंग म्हणजे जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच व्याज. गटात आपण असंच मोजतो. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच चालू. 5 वर्षांसाठी फ्लॅट 7 टक्के म्हणजे प्रत्यक्षात रिड्युसिंगच्या साधारण साडेबारा टक्क्यांइतकं पडतं. 'सातच टक्के' ऐकून खूश होऊ नका.

दुसरी, मुदत. हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत वाढवतात. 8 लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी 5 वर्षांत फेडलं तर व्याज साधारण 2 लाख 8 हजार जातं. तेच 7 वर्षांत फेडलं तर 2 लाख 98 हजार. हप्ता पावणेचार हजारांनी कमी होतो, पण 90 हजार जास्त जातात.

आणि गाडी जमिनीसारखी वाढत नाही. विमा कंपन्यांच्या तक्त्यातच गाडीची किंमत एक वर्ष पूर्ण होताना 15 टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षी 50 टक्क्यांनी कमी धरतात.

गाडी आली की काय जातं?

हा भाग शोरूममध्ये कुणी सांगत नाही, म्हणून लक्ष देऊन वाचा.

लाडकी बहीण: योजनेच्या अटींमध्ये स्पष्ट आहे की कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर चारचाकी नोंदलेली असेल तर ती बहीण अपात्र ठरते. सूट फक्त ट्रॅक्टरला आहे. महिन्याचे 1,500 म्हणजे वर्षाचे 18 हजार. सात वर्षं धरली तर 1 लाख 26 हजार.

घरकुल: प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) तीनचाकी किंवा चारचाकी मोटार असलेलं कुटुंब बाद होतं. यादीत नाव असेल आणि घर अजून मिळायचं असेल तर आधी याचा विचार करा.

रेशन: केशरी कार्डाच्या निकषात कुटुंबाकडे चारचाकी नसावी अशी अट आहे, टॅक्सीचालक सोडून. तुमच्या कार्डाचं काय होईल ते तहसीलच्या पुरवठा शाखेत आधीच विचारून घ्या.

गाडी घेऊन ती लपवायची असा सल्ला मी देणार नाही. आरटीओची नोंद सरकारकडेच असते. 2025 मध्ये लाडक्या बहिणींच्या घरी चारचाकीची पडताळणी झाली, ते तुम्हाला आठवत असेलच.

"सीटा मारून हप्ता काढू"

हे मी किमान चार घरांत ऐकलं आहे. किन्हवली ते आसनगाव स्टेशन, सकाळ-संध्याकाळ सीटा भरायच्या, की हप्ता सुटला.

तायांनो, पांढऱ्या पाटीची गाडी ही घरगुती गाडी. तिच्यात पैसे घेऊन माणसं बसवायला परवानगी नाही. त्यासाठी पिवळी पाटी आणि परमिट लागतं. पकडलं तर दंड होतो, पण त्याहून मोठी भीती अपघाताची. भाड्याने माणसं नेत होतात असं निघालं तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि जखमींची भरपाई मालकावर येते. गाडी तुमच्या नावावर असेल तर ती तुमच्यावर.

धंदाच करायचा असेल तर धंद्याची गाडी घ्या, परमिटसह. गटातल्या महिलांनी गावात वाहतूक सेवा चालवावी म्हणून केंद्राची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना 2017 पासून आहे. भाजी आणि दूध न्यायचं असेल तर छोटा टेम्पो या एसयूव्हीपेक्षा जास्त माल नेईल. तो हिशोब वेगळा, त्यावर पुढे कधीतरी लिहीन.

खरंच लागते का?

गाडीची गरज खोटी नाही. मुरबाडला रेल्वे नाही. डोळखांब, टोकावडे, धसईकडून रात्री दवाखान्यात जायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मी स्वतः स्कूटीवर फिरते, पावसात किती वेळा अडकले ते मोजलेलं नाही. लग्नाच्या पोराच्या दारात गाडी असली की बोलणी सोपी होतात, हेही खरं. म्हणून हौस करू नका असं मी म्हणत नाही.

पण गरज मोजता येते. त्या ताईंनी आठवून लिहिलं, वर्षभरात भाड्याने गाडी किती वेळा केली? लग्नं, दवाखाना, म्हसाची जत्रा, एक देवदर्शन मिळून 14 वेळा, साधारण 31 हजार रुपये. आणि घरच्या गाडीला पहिल्या वर्षी जाणार होते 2 लाख 63 हजार. अडल्यानडल्या वेळेला 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, तो नंबर घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

उलट उदाहरणही सांगते. सरळगावच्या बाजूच्या एका ताईंच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कल्याणला न्यावं लागतं. नवऱ्याची नोकरी कायम आहे. त्यांनी निम्मे पैसे रोख भरले, हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आत ठेवला आणि गाडी घेतली. त्यांचा निर्णय बरोबरच आहे. गाडी तीच, घर वेगळं.

घ्यायचीच ठरली तर

नव्या मॉडेलला निदान सहा महिने रस्त्यावर चालू द्या. पहिल्या गाड्यांतल्या बारीकसारीक तक्रारी तोवर कळतात.

जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. दर वेळी कल्याण-भिवंडीला जायचं असेल तर तो दिवस आणि पेट्रोलही धरा.

भारत एनकॅप या सरकारी सुरक्षा चाचणीत किती तारे आहेत ते विचारा. ही चाचणी ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे. थ्री एक्स ओ आणि कायलॅक दोन्हींना पाच तारे आहेत. पण तारे कितीही असले तरी पट्टा लावायलाच हवा, मागे बसणाऱ्यांनीही.

उंच दिसते म्हणून ती चिखलात चालेल असं समजू नका. यातल्या बहुतेक गाड्यांना पुढची दोनच चाकं ओढतात. गावचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. चालवून बघायची तर आपल्याच रस्त्यावर, घरातली सगळी माणसं बसवून बघा.

कर्जाच्या कागदावर तुमची सही 'सहकर्जदार' किंवा 'जामीनदार' म्हणून घेत असतील तर थांबा, वाचून घ्या. हप्ता थकला तर बँक तुमच्याकडेही येईल आणि उद्या तुम्हाला शेळ्यांसाठी, दुकानासाठी कर्ज हवं असेल तेव्हा ते थकलेलं नाव आडवं येईल.

आणि गटाचं कर्ज डाउन पेमेंटला वापरू नका. गटाचा पैसा हा दहा घरांचा पैसा आहे. एका घराचा हप्ता थकला तर पूर्ण गटाची परतफेड बिघडते आणि पुढचं कर्ज सगळ्यांचंच अडतं.

सहा महिने हप्ता भरून बघा

त्या ताईंना मी शेवटी एकच सुचवलं. गाडी न घेता हप्ता भरून बघा. गाडीला जेवढे जातील तेवढे दर महिन्याच्या 5 तारखेला वेगळ्या खात्यात टाका. सहा महिने जमलं तर गाडी झेपेल. शिवाय तेवढे पैसे हातात असतील, कर्ज कमी लागेल.

गटाचं कर्ज वगळून महिना 15 हजार ठरले. पोरगा आठवडाभर आईशी नीट बोलला नाही. पण पहिले दोन महिने त्यानेच पैसे टाकले. तिसऱ्या महिन्यात कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला आणि 6 हजारच जमा झाले. त्या संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, "आई, हप्ता असता तर?"

ठेवीतले 3 लाख अजून ठेवीतच आहेत. गाडी कायमची रद्द झालेली नाही, पुढच्या भाताच्या पैशानंतर पुन्हा बघू, असं त्यांचं ठरलंय.

तुमच्या घरात हा विषय निघाला असेल तर असाच एक कागद करा. नवरा, पोरगा, सून सगळ्यांना बसवून करा, एकटीने नको. आकडेमोड अडली तर गटाच्या बैठकीला घेऊन या. आपण मिळून मांडू.

तुमची क्षेत्र समन्वयक,
शहापूर-मुरबाड