एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था काय?

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास एन्ट्रॉपी प्रथम भेटते ती ऊष्मागतिकीत, वाफेच्या यंत्राच्या सोबतीने. उलट फिरविता येण्याजोग्या प्रक्रियेत शोषलेल्या उष्णतेस तापमानाने भागावयाचे आणि भागाकारांची बेरीज करावयाची. हिशेब जमतो, परीक्षाही पार पडते. मात्र ही राशी म्हणजे नेमके काय, हे कळत नाही. रूडोल्फ क्लॉसियस याने १८६५ साली 'परिवर्तन' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, 'एनर्जी'शी साम्य राखून, हे नाव मुद्दाम घडविले. नव्या नावास जुन्या अर्थाचा लेप नव्हता, हा त्याचा गुणच म्हणावयाचा. पुढे सोयीसाठी त्यावर 'अव्यवस्था' हा अर्थ चढला. मराठीत पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी तो तसाच उचलू नये, असे मला वाटते.

खरा उलगडा सांख्यिकीय यामिकी करते, आणि तोही साध्या मोजणीने. एका पेटीचे मनाने दोन समान भाग कल्पावे व तीत दहा रेणू सोडावे. प्रत्येक रेणू डावीकडे किंवा उजवीकडे. म्हणजे एकूण रचना १०२४. सगळे डावीकडे, ही रचना एकच. पाच-पाच अशा वाटणीच्या रचना मात्र २५२! रेणूंना समतोलाची आवड असते असे नव्हे. सर्व रचना सारख्याच संभवनीय; समान वाटणीच्या पदरी त्या अधिक, एवढेच. शंभर रेणू घेतले, तर एकावर तीस शून्ये एवढ्या वेळा पाहूनही ते सगळे डावीकडे एकदा तरी आढळतीलच असे नाही. या संख्येचा लॉगरिदम घेऊन त्यास एका स्थिरांकाने गुणले की एन्ट्रॉपी मिळते. लुडविग बोल्ट्झमान याच्या व्हिएन्नातील समाधीवर हेच सूत्र कोरले आहे. ते पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्याने चार रेणूंच्या सोळा रचना स्वहस्ते मांडून पाहाव्या. काम पाच मिनिटांचे, पण त्यावाचून पुढची पाने कोरडीच राहतात.

आता त्या 'अव्यवस्थे'कडे वळू. १९५७ साली बर्नी ऑल्डर व थॉमस वेनराइट यांनी गणकयंत्रावर टणक गोळ्यांची हालचाल तपासली. गोळ्यांत परस्परांविषयी आकर्षण मुळीच नव्हते. तरी पुरेशी दाटी होताच त्यांची स्फटिकासारखी नेटकी मांडणी झाली. व्यवस्था वाढली, आणि एन्ट्रॉपीही! डब्यात लाडू कसेही कोंबले तर ते एकमेकांत अडकून बसतात. थर लावून रचले तर तेवढ्याच जागेत प्रत्येकाभोवती थोडी मोकळीक उरते. गोळ्यांचेही तसेच. त्या मोकळिकीत हलण्याचे जितके प्रकार संभवतात, तितके बेशिस्त गर्दीत संभवत नाहीत.