अडकलेली रँक आणि तिच्या पलीकडचा सराव

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया म्हणजे बीजीएमआयसारख्या खेळात नव्या खेळाडूची प्रगती सुरुवातीला झपाट्याने होते. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड हे टियर काही आठवड्यांत मागे पडतात. प्लॅटिनम, डायमंड किंवा क्राउनला पोचल्यावर मात्र गाडी अडते. रोजचे तास तेवढेच असतात, कित्येकदा वाढलेलेही असतात, पण खेळ सुधारत नाही. ऑनलाइन बुद्धिबळात हेच रेटिंगच्या एखाद्या आकड्याभोवती घडते. पन्नास गुण वर, पन्नास खाली आणि वर्षाअखेरीस पुन्हा तिथेच. शिक्षणशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत या अवस्थेला अध्ययनातील पठार म्हणतात.

ही अवस्था मोबाइल गेमिंगच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. अमेरिकेतील विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या शिकण्याचे आलेख प्रसिद्ध केले. हार्टर स्वतः तारयंत्रावर काम केलेला माणूस होता. संदेश पाठवण्याचा वेग हळूहळू चढत गेला, पण संदेश ऐकून उतरवून घेण्याचा वेग मध्येच बरेच आठवडे सपाट राहिला आणि मग पुन्हा उसळला. शिकणारा आधी एकेक अक्षर ओळखतो, मग अख्खा शब्द, मग वाक्प्रचार. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची उघडत नाही, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. पुढे १९५८ मध्ये फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने या पठाराच्या अपरिहार्यतेवरच शंका घेतली. शिकवण्याची पद्धत बदलली तर हे पठार येईलच असे नाही, असे त्याचे म्हणणे होते. खेळाडूच्या दृष्टीने केलरची शंका फार मोलाची आहे, कारण पठार हा शिकण्याचा अटळ नियम नसेल तर सरावाची पद्धत तपासून पाहायलाच हवी.

हिंगोली, वसमत, कळमनुरी अशा तालुक्याच्या गावांत ज्यांनी टायपिंगची परीक्षा दिली आहे त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास होऊन माणूस कार्यालयात लागतो, वीस वर्षे रोज टाइप करतो आणि तरी त्याचा वेग जवळजवळ तेवढाच राहतो. काम भागते, बोटे आपोआप चालतात, लक्ष दुसरीकडे असले तरी चालते. कौशल्य असे अंगवळणी पडले की त्यात सुधारणा होणे थांबते, मग तास कितीही घाला. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले: आधी विचार करून करणे, मग चुका गाळत जाणे, शेवटी विचार न करता करणे. रोज रात्री स्क्वॉड जमवून सात-आठ मॅच मारणारा खेळाडू बहुधा तिसऱ्या टप्प्यात असतो. त्या मॅचमध्ये मजा असते, सराव नसतो.

मात्र रँक अडकली म्हणजे खेळ अडकलाच, असे लगेच धरू नये. रेटिंगच्या पद्धती समोरच्याच्या ताकदीशी तुलना करणाऱ्या असतात. आर्पाड एलो यांच्या पद्धतीत २०० गुणांनी वरचढ असलेल्या बुद्धिबळपटूकडून सुमारे ७६ टक्के गुणांची अपेक्षा असते. बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळाला की ती ५० टक्क्यांवर येते. ऑनलाइन खेळांचे मॅचमेकिंग बरोबरीचेच प्रतिस्पर्धी शोधते. त्यामुळे योग्य पातळीवर पोचलेला खेळाडू जवळपास निम्मे सामने हरतो. सगळे मिळून सुधारत असतील तर आकडा हलतच नाही. शिवाय निव्वळ योगायोगाचा वाटा मोठा असतो. जिंकण्या-हरण्याची शक्यता समसमान असताना २० डाव खेळले, तर त्यात सलग पाच पराभव येण्याची शक्यता चारात एक इतकी असते. अशी एक वाईट संध्याकाळ आली की खेळाडू सेन्सिटिव्हिटी बदलतो, बंदूक बदलतो, कधी टीमच बदलतो. बिघडलेले मात्र काहीच नसते. बीजीएमआयच्या टियरची आणखी एक अडचण आहे. तिथे जास्त वेळ जिवंत राहण्यालाही गुण मिळतात. कडेच्या घरात लपून टियर चढवता येतो. असा वर गेलेला खेळाडू तिथे अडकला तर त्यात नवल नाही, कारण त्याची लढत त्या पातळीची झालेलीच नसते. म्हणून आठवड्याच्या आकड्यावर विसंबू नये, शंभरेक सामन्यांचा कल पाहावा.

जिल्ह्याच्या ठिकाणी आणखी एक प्रश्न आधी निकाली काढावा लागतो: अडथळा खेळाडूत आहे की यंत्रणेत? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि हिंगोलीसारख्या भागात स्पर्धात्मक गेमिंग आले ते मुख्यतः मोबाइलमधून. हरल्यावर पहिला दोष पिंगला, म्हणजे संकेत जाऊन परत येण्याच्या वेळेला, दिला जातो आणि गाव लांब असल्याची तक्रार होते. हिशेब वेगळे सांगतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हिंगोलीहून मुंबई रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. हे अंतर जाऊन-येऊन कापायला संकेताला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासून पुढे सुमारे चार हजार किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्याचे निदान ४० मिलिसेकंद वाढतात. उरलेला लॅग प्रामुख्याने टॉवर आणि फोन यांच्यातला असतो: संध्याकाळी एकाच टॉवरवर पडणारा भार, जाड भिंतींच्या घरातली अपुरी रेंज, मागे चालू असलेले डाउनलोड. त्यातही सरासरी पिंगपेक्षा तिचे वरखाली होणे जास्त घातक ठरते. कायम ८० मिलिसेकंद असेल तर हात त्याला जुळवून घेतात; ४० वरून अचानक ३०० वर उडी मारणाऱ्या पिंगला जुळवून घेता येत नाही. फोनचेही तेच. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर नवे चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांनी येते, पण फोन तापून हाच वेग निम्म्यावर घसरला की नेमका शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे आकसत गेलेल्या सुरक्षित वर्तुळात, नेम चुकतो. वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी, थंड फोनवर काही सामने खेळून पाहिले की दोष कुठे आहे ते बरेचसे उमगते.

नेटवर्कचा फटका मोठमोठ्यांनाही बसलेला आहे. ३० ऑगस्ट २०२० रोजी पहिल्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत भारताची गाठ रशियाशी होती. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता. इंटरनेटमधील जागतिक बिघाडामुळे नागपूरची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचा संपर्क तुटला व वेळ संपून ते हरले. शेवटी दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. असा बिघाड एखाद्या दिवशी घात करतो. सहा महिने थांबलेल्या प्रगतीचे खापर मात्र त्याच्यावर फोडता येत नाही.

यंत्रणेचा दोष वगळल्यावर उरते ते खरे पठार. त्याच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते: ज्या कौशल्याने खेळाडू इथवर आला, ते आता त्याला वर नेत नाही. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये स्टारक्राफ्ट २ या खेळाच्या तीन हजारांहून अधिक खेळाडूंच्या सामन्यांच्या नोंदी तपासल्या. खालच्या दोन पातळ्यांतला फरक ज्या गुणांवर ठरतो, त्याच गुणांवर वरच्या दोन पातळ्यांतला फरक ठरत नाही, असे त्यात दिसले. बीजीएमआयमध्ये हे रोज अनुभवाला येते. गोल्डपर्यंत नेम पुरतो. पुढे समोरच्याचाही नेम चांगला असतो, आणि निकाल झोन कुठे सरकेल याचा अंदाज, वेळेवर केलेले रोटेशन म्हणजे जागाबदल, आडोसा आणि टीममधली माहितीची देवाणघेवाण यांवर लागतो. तरी अडकलेला खेळाडू ट्रेनिंग ग्राउंडमध्ये नेमच घोटत बसतो, कारण ते त्याला जमते आणि जमणारी गोष्ट करायला बरे वाटते.

कधीकधी तर मूळ पद्धतच टाकून द्यावी लागते. दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्याला पळताना वळणे, नेम धरणे आणि गोळी झाडणे एका वेळी जमत नाही, कारण बोटेच अपुरी पडतात. तो चार बोटांच्या क्लॉ पकडीकडे किंवा जायरोस्कोपकडे वळला की आधी खेळ कोसळतो. जवळचे शत्रू सुटतात, टियर घसरतो, टीममधले वैतागतात. वेन ग्रे आणि जॉन लिंडस्टेट यांनी २०१७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या अभ्यासातून नेमका हा आकार दाखवला: आधी पठार, मग नवी पद्धत हाती धरल्यावर घसरण, मग झेप. बरेच जण घसरणीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुन्या पकडीवर परत येतात आणि पठारावरच राहतात. म्हणून असा बदल सीझनच्या सुरुवातीला, रँक नसलेल्या सामन्यांत करावा, आणि एका वेळी एकच. पकड, सेन्सिटिव्हिटी आणि बटणांची जागा एकदम बदलली तर कशाने काय झाले हे कळायला मार्ग राहत नाही.

कोणता बदल करायचा हे ठरवण्याचा सर्वांत चांगला मार्ग कंटाळवाणा आहे: स्वतःचे हरलेले सामने रेकॉर्ड करून पाहणे. उदाहरणार्थ, एरँगलच्या नकाशावर एक स्क्वॉड पोचिंकीत लूट करते आहे. झोन पुलापलीकडच्या बेटावर पडला आहे. गाडी निघते तेव्हा झोनची निळी भिंत अंगावर आलेली असते; पुलावर दुसरी टीम दबा धरून बसली आहे. दोघे नॉक होतात, तिसरा उचलायला जातो आणि चौथा एकटा उरतो. हा चौथा खेळाडू झाडाआडून तीनशे मिलिसेकंद उशिरा गोळी झाडून मरतो आणि टीम म्हणते, नेम कच्चा. रेकॉर्डिंग मागे नेले तर चूक सापडते तीन मिनिटे आधी, जेव्हा झोन दिसत असूनही लूट थांबली नाही. प्रत्येक मृत्यूपुढे तीनपैकी एक कारण लिहावे: उभे राहण्याची जागा, माहितीचा अभाव किंवा हाताची चूक. वीस सामन्यांत एकच कारण वारंवार आले, तर पुढच्या महिन्याचा सराव ठरला. चूक हाताचीच निघाली तरी तिचे तुकडे करता येतात. लांबच्या स्प्रेमध्ये बंदूक वर उडते की बाजूला सरकते, पहिल्या पाच गोळ्या लागतात आणि पुढच्या जातात का, हे भिंतीवर झाडूनही दिसते. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून ज्याला जाणीवपूर्वक सराव म्हटले, तो असाच असतो: कुवतीच्या थोडा पुढचा, एका तुकड्यावर केंद्रित, लगेच चूक दाखवणारा. तो थकवतो. त्यामुळे दिवसाला तासभर झाला तरी पुष्कळ.

वेळेची वाटणीही महत्त्वाची. टॉम स्टॅफर्ड आणि मायकेल ड्यूअर यांनी २०१४ मध्ये एका साध्या ऑनलाइन खेळाच्या साडेआठ लाखांहून अधिक खेळाडूंचा डेटा तपासला. तेवढेच डाव ज्यांनी विश्रांती घेत, लांबवून खेळले त्यांचे पुढचे गुण सलग खेळणाऱ्यांपेक्षा चांगले होते. सुरुवातीच्या डावांत ज्यांच्या गुणांत मोठे चढउतार होते, म्हणजे ज्यांनी वेगवेगळे करून पाहिले असावे, तेही पुढे सरस ठरले. शिकलेल्या हालचाली झोपेत पक्क्या होतात, असेही संशोधन सांगते. रात्री दोनपर्यंत टियर पुश करून सकाळी कॉलेजला जाणारा मुलगा आपल्याच सरावावर पाणी ओततो. २०२३ मध्ये बंदीनंतर बीजीएमआय परत आला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. मुलांना ती जाचक वाटते; कौशल्यासाठी मात्र तीन तास मुळीच कमी नाहीत.

पठार कितीही वरच्या पातळीवर येऊ शकते. विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, २०१७ मध्ये त्याने २७०० रेटिंगचा टप्पा ओलांडला आणि पुढची कित्येक वर्षे तो साधारण त्याच परिसरात राहिला. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनच्या ग्रँड स्विस स्पर्धेत तो पहिलीच फेरी हरला. उरलेल्या दहा फेऱ्यांत त्याने साडेआठ गुण मिळवले, स्पर्धा जिंकली आणि २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेत जागा मिळवली. पहिल्या पराभवावर स्वतःची पातळी ठरवली असती तर ती स्पर्धा तिथेच संपली असती.

बुद्धिबळाला जिल्हा संघटना, प्रशिक्षक, पुस्तके असा जुना आधार आहे. मोबाइल ई-स्पोर्ट्सला जिल्हा पातळीवर तो जवळजवळ नाही, आणि ही उणीव खरीच मोठी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील खेळ म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे ठेवले. तरी हिंगोलीतल्या मुलाला आजही कोच मिळतो तो पडद्यावरच. त्यावर जमेल तसा उपाय म्हणजे स्वतःपेक्षा सरस टीमबरोबर कस्टम रूममध्ये स्क्रिम्स म्हणजे सरावसामने खेळणे आणि सामन्यानंतर पंधरा मिनिटे सगळ्यांनी मिळून रेकॉर्डिंग पाहणे. चार जणांपैकी सूचना देणारा एकच ठरवावा. चौघे एकदम बोलले की माहिती गोंगाटात बुडते.

वयाचा मुद्दाही निघतो. स्टारक्राफ्ट २ च्याच डेटावरून २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात, पाहून कृती करण्याचा वेग चोविसाव्या वर्षापासून किंचित उतरू लागतो असे दिसले, पण वयाने मोठे खेळाडू खेळाची यंत्रणा अधिक हुशारीने वापरून ती तूट भरून काढत असल्याच्या खुणाही दिसल्या. काहींच्या बाबतीत पठार हीच शेवटची मर्यादा ठरते, आणि तेव्हा खेळातली दुसरी भूमिका खुली असते. ‘घातक’ नावाने ओळखला जाणारा अभिजित अंधारे आधी टीमचा सूत्रधार म्हणून खेळला आणि नंतर भारतातील बीजीएमआय संघांचा प्रशिक्षक झाला. तिथे बोटांच्या वेगापेक्षा झोन वाचण्याची आणि टीमला सांभाळण्याची जाण कामी येते.